दुकानातून किंवा ऑनलाइन दलालाकडून पिल्लू घेणं : मुळातच चूक, की फक्त गलिच्छ दुकानं चूक?

ओसरी :
घरी कुत्र्याचं पिल्लू आणायचं ठरतंय. दुकान स्वच्छ आहे, पिल्लं गुटगुटीत दिसतात, लसीचं कार्डही देतात. ऑनलाइनवाले तर घरपोच आणून देतात. तरी जो तो म्हणतो, दुकानातून घेऊ नका. दुकानदार पिल्लांना नीट ठेवत असेल तर त्यात अनैतिक काय? "प्राण्यांचा बाजार वाईट" एवढं नको, कारणं हवीत. आणि घ्यायचंच झालं तर तपासायचं काय?

तिरपागडा :
स्वच्छता बघून भुलू नका. दुकानात पिल्लू असतं, आई नसते. सगळी गोम तिथंच आहे.

आधी आठवड्यांचा हिशेब घ्या. पिल्लानं किमान 8 आठवडे आई आणि भावंडांजवळ राहायला हवं. चावताना जोर किती लावायचा हे ते भावंडांशी खेळतानाच शिकतं. माणसं, आवाज, इतर कुत्री अंगवळणी पडण्याचा काळ साधारण 3 ते 14 आठवड्यांचा. आता गिऱ्हाइकाला पिल्लू इवलंसंच हवं असतं, 12 आठवड्यांचं झालं की ते "मोठं" म्हणून पडून राहतं. दलालाचे दिवस, वाहतुकीचे दिवस, काचेमागचे दिवस मग आणायचे कुठून? आईजवळच्या दिवसांतून. म्हणून कार्डावर 8 आठवडे लिहिलेलं पिल्लू पाच-सहा आठवड्यांचं निघतं.

दुसरी गोष्ट सरमिसळीची. वेगवेगळ्या वेतांची, वेगवेगळ्या ठिकाणची पिल्लं एकत्र येतात. पार्व्होची (पिल्लांच्या आतड्यांचा जीवघेणा विषाणूजन्य आजार) लागण झाल्यावर लक्षणं दिसायला बहुधा 3 ते 7 दिवस लागतात, म्हणजे दुकानात उड्या मारणारं पिल्लू तुमच्या घरी येऊन उलट्या आणि रक्ताचे जुलाब करतं, आणि दुकानदार म्हणतो, "आमच्याकडे ठणठणीत होतं." लसीच्या एका डोसवर विसंबू नका. आईकडून आलेली प्रतिपिंडं लस निष्प्रभ करू शकतात, म्हणूनच 6 ते 8 आठवड्यांपासून दर 2 ते 4 आठवड्यांनी, पिल्लू निदान 16 आठवड्यांचं होईपर्यंत डोस देत राहतात. पार्व्होचा विषाणू जमिनीवर महिनोन्महिने टिकतो आणि फरशी पुसायच्या साध्या द्रावणांना दाद देत नाही. जागा आधी धुऊन, मग ब्लीच 1 भाग, पाणी 30 भाग, आणि 10 मिनिटं ओलं ठेवायचं. रिकाम्या झालेल्या पिंजऱ्यात लगेच दुसरं पिल्लू ठेवणारा हे दर वेळी करत असेल का, विचार करा.

खारूताई :
आईचा मुद्दा वर अर्धाच आला. कुत्री साधारण 6-7 महिन्यांनी माजावर येते, गाभणकाळ 63 दिवसांच्या आसपास. दर माजाला लावली तर वर्षाला दोन वेतं सहज निघतात आणि मादी पिळून निघते. पिल्लाच्या किमतीत दलाल आणि दुकानदार दोघांचा वाटा, मग काटछाट होते ती मादीच्या खुराकात, विश्रांतीत, तपासण्यांत. खुब्याच्या सांध्याचा आनुवंशिक दोष बघायला काढलेल्या एक्स-रेवर अमेरिकेतली OFA ही नोंदणी संस्था पक्का निकाल कुत्र्याला 2 वर्षं पूर्ण झाल्यावरच देते. पहिल्या-दुसऱ्या माजाला लावलेल्या मादीकडे तो असणार तरी कसा?

शिवाय खुबा निखळता निघाला, मिरगी आली, तर ही खबर पैदास करणाऱ्यापर्यंत पोचतच नाही. तो तीच जोडी पुन्हा लावतो. चांगला ब्रीडर लेखी देतो की कुत्रा कोणत्याही वयात परत घेईन. मधल्या माणसाला हे जमणारच नाही. दलाल कितीही सज्जन असो, माझा आक्षेप आहे तो यालाच.

मधलीसुट्टी :
सगळ्यांना एका माळेत ओवू नका. पिल्लं उपचार करून, औषधं देऊनच विकणारी दुकानंही असतात. आणि काचेमागं मलूल बसलेलं पिल्लू आपण नाही नेलं तर त्याचं काय होणार?

तिरपागडा :
औषधांचंच घ्या. अमेरिकेत 2016 ते 2018 दरम्यान दुकानांतल्या पिल्लांकडून कॅम्पायलोबॅक्टर या जुलाब लावणाऱ्या जंतूची साथ पसरली. 18 राज्यांत 118 माणसं आजारी पडली आणि जंतू बऱ्याच अँटिबायोटिक्सना दाद देत नव्हता. ज्या पिल्लांच्या नोंदी मिळाल्या, त्यांतल्या 95 टक्के पिल्लांना अँटिबायोटिक्स दिलेली होती, निम्म्याहून अधिकांना तर आजार नसताना, केवळ खबरदारी म्हणून.

मलूल पिल्लाची दया येणारच. पण दुकानाच्या वहीत दया दिसत नाही, विक्री दिसते, आणि पुढची मागणी तिच्यावरच जाते. पैसे न देता पशुवैद्य किंवा प्राणिकल्याण यंत्रणेकडे तक्रार करा. फोटो, तारीख, वेळ जोडा.

खारूताई :
कायद्यानं थोडा फरक पडतो. इंग्लंडमध्ये 6 एप्रिल 2020 पासून 6 महिन्यांखालची पिल्लं त्रयस्थानं, म्हणजे स्वतः पैदास न करणाऱ्या दुकानदारानं किंवा दलालानं, विकायला बंदी आहे, फ्रान्समध्ये 1 जानेवारी 2024 पासून दुकानांत कुत्री-मांजरी विकता येत नाहीत. पळवाट अशी की दलाल भाड्याचं घर घेऊन "घरचीच पिल्लं" म्हणून विकतो, एखादी मादीही आणून बसवतो. खरी आई ओळखता येते. सड लोंबलेले असतात, पिल्लं तिच्याकडे झेपावतात. भाड्याची मादी त्यांना हुंगून दूर होते किंवा गुरगुरते. "आई फिरायला गेलीय" असं उत्तर आलं तर तिथूनच परत फिरा.

ओसरी :
आणि ऑनलाइन असेल तर?

खारूताई :
जाहिरातीतला नंबर शोधा. त्याच नंबरावर चार-पाच जाती विकायला असतील तर तो दलाल. जाहिरातीतला फोटो इंटरनेटवर टाकून तो आणखी कुठं आहे ते शोधा (रिव्हर्स इमेज सर्च), बऱ्याचदा चोरलेले असतात. व्हिडिओ कॉल थेट हवा, त्यात "पिल्लाचा डावा कान उचलून दाखवा, मग आईजवळ ठेवा" असं ऐनवेळी सांगा. पिल्लू आधी न बघता टोकन नाही. ठगांची तऱ्हा ठरलेली : आधी टोकन, मग क्रेटचे पैसे, मग विम्याचे, पिल्लू काही येत नाही.

कार्डावर लसीच्या बाटलीचं लेबल, बॅच नंबर, मुदत, पशुवैद्याची सही आणि नोंदणी क्रमांक पाहिजे. कातडीखाली ओळखीची चिप असेल तर स्कॅन करून 15 आकडे कार्डाशी ताडून बघा. दात मोजा. 8 आठवड्यांपर्यंत दुधाचे 28 दात बहुतेक आलेले असतात. दाढा नुकत्याच फुटत असतील तर वय फुगवलंय. पोट फुगीर आणि बरगड्या हाताला लागत असतील तर जंत असण्याची शक्यता, म्हणजे 2, 4, 6, 8 आठवड्यांचे जंताचे डोस बहुधा चुकलेत.

पिल्लू घरी आणून झालेलं असेल, तर दोन दिवसांच्या आत पशुवैद्याकडे न्या आणि विष्ठेचा ताजा नमुना सोबत ठेवा. घरी आधीचा कुत्रा असेल तर दोन आठवडे वेगळं ठेवा, भांडीही वेगळी.