लोकलमधला ब्लिट्झ आणि अडकलेलं रेटिंग
ठाणे-वाशी लोकलमध्ये रोज बुद्धिबळाचे तीन मिनिटांचे आठ-दहा डाव (ब्लिट्झ, म्हणजे झटपट डाव) खेळूनही रेटिंग, म्हणजे खेळाची ताकद दाखवणारा आकडा, 1100 वरच अडकलाय, अशी तक्रार एका खेळाडूने केलीय. ब्लिट्झमध्ये थांबून बघायला वेळच नसतो, त्याच चुका पक्क्या होतात. गाडीत कोडी सोडवा, पूर्ण उत्तर दिसेपर्यंत बोट लावू नका. घरी 15+10 चा (प्रत्येकाला 15 मिनिटं, शिवाय दर चालीला 10 सेकंद) एकच डाव खेळा. हरलात तर इंजिन (चाली तपासणारा संगणक प्रोग्राम) लावण्याआधी चूक स्वतः शोधा. उदाहरणार्थ, काळ्याचा राजा अजून ई-8 या घरावर आणि वजीर डी-8 वरून निघाला, की सी-7 उघडं पडतं. बी-5 वरचा पांढरा घोडा तिथलं प्यादं मारून शह देतो आणि पुढच्या चालीत ए-8 चा हत्ती घेतो. म्हणून चाल करण्याआधी समोरच्याचे सगळे शह बघाच. ओपनिंगचे, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या चालींचे, व्हिडिओ सध्या राहू द्या.