मदत हवी आहे: टोकियोत घरात वाइड एफएम नीट लागत नाही
निशी-कासाईत किंवा आसपास राहणारं कोणी रेडिओ ऐकतं का? भूकंपासाठी सेलवर चालणारा रेडिओ घरात ठेवायचाय. रादिको अ‍ॅप आहे आणि मस्त चालतं, पण नेट गेलं की ते गेलंच, म्हणून कृपया तेच सुचवू नका.

भारतातून आणलेला रेडिओ आहे, ८७.५ ते १०८ वाला. त्यामुळे टोकियो एफएम (८०.०), एनएचके एफएम (८२.५) लागणारच नाहीत हे माहितीय, मला हवंय वाइड एफएम, म्हणजे एएम स्टेशनं तेच कार्यक्रम एफएमवरही लावतात ते: टीबीएस ९०.५ आणि निप्पोन होसो ९३.०. एएमवर ही दोन्ही आहेत, ९५४ आणि १२४२ला, पण आमच्या काँक्रीटच्या बिल्डिंगमध्ये नुसती घरघर, आणि तसंही बहुतेक खाजगी एएम स्टेशनं २०२८ पर्यंत एफएमवर जायचं म्हणतायत, मग त्यात कशाला जीव अडकवा. एफएम टोकियोच्या स्कायट्री टॉवरवरून येतं, म्हणजे काही फार लांबून नाही, तरी बाल्कनीत खणखणीत आणि आत पलंगाजवळ आलं की खरखर सुरू! एरियल पूर्ण ओढून, खिडकीशी ठेवून, वायर गुंडाळून सगळं झालं, थोडाच फरक पडला. घर भाड्याचं, बाहेर अँटेना लावायला मालक नाही म्हणतो, भिंतीला भोक तर विसराच.

भिंतीतल्या टीव्हीच्या सॉकेटमधून एफएम मिळतं का, की ते बिल्डिंगच्या अँटेनावर किंवा केबलवाल्यावर अवलंबून असतं? आणि इथला ७६ ते ९५ वाला रेडिओ घेतला तर आत खरंच फरक पडेल, की प्रॉब्लेम भिंतींचाच आहे?