हॅगफिशला बाह्यपरजीवी म्हणणे आता थांबवावे

दुधनाकाठ (धागाकर्ता):
काल मांजराकाठ सरांनी अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी एक टिपण टाकले. त्याचा मथितार्थ असा : चक्रमुखी (जबडे नसलेल्या माशांच्या) वर्गातील सर्व सजीव प्राणी माशांवर बाह्यपरजीवी म्हणून, म्हणजे त्यांच्या अंगाला बाहेरून चिकटून, जगतात, ते समुद्रात राहतात पण अंडी घालायला गोड्या पाण्यात जातात, अंडी घातल्यानंतर काही दिवसांतच मरतात, त्यांच्या अळ्या रूपांतरानंतर समुद्रात परततात, त्यांची कवटी आणि पाठीचा कणा कूर्चेचा असतो, उदाहरणे पेट्रोमायझॉन आणि मिक्झीन. खाली सूचना होती, ‘एवढेच पाठ करा, खोलात शिरू नका.’ ही सूचना वाचूनच मी लिहायला बसलो.

पेट्रोमायझॉन म्हणजे लॅम्प्रे आणि मिक्झीन म्हणजे हॅगफिश. टिपणातील वर्णन लॅम्प्रेचे आहे आणि त्याला हॅगफिशचे नाव जोडून दिले आहे. हॅगफिश समुद्राच्या तळाशी, बहुधा खोल पाण्यात, चिखलात बिळे करून राहतो. तो तळावरचे वलयांकित कृमी खातो, मेलेल्या माशांचे आणि देवमाशांचे मांस खातो, क्वचित जिवंत मासाही बिळातून ओढून काढतो. त्याला जबडे नाहीत, पण केराटिनच्या दातांच्या दोन जोड-ओळी आहेत. त्या मांसात रुतवून तो स्वतःच्या शरीराला गाठ मारतो आणि ती गाठ शेपटीकडून डोक्याकडे सरकवत भक्ष्यावर टेकवून लचका तोडतो. लॅम्प्रेसारखी चिकटून राहणारी गोल चूषक चकती त्याच्याकडे नाहीच, मग तो बाह्यपरजीवी कसा होईल?

गोड्या पाण्याचा मुद्दा तर याहून गंभीर आहे. हॅगफिशच्या रक्ताची तीव्रता समुद्राच्या पाण्याइतकीच असते, आणि ती शार्कप्रमाणे युरियाच्या नव्हे, तर क्षारांच्याच बळावर राखलेली असते. कवटी असलेल्या प्राण्यांत असा हा एकच गट आहे. जो प्राणी समुद्राचे पाणी थोडे पातळ झाले तरी टिकाव धरत नाही, तो नदीत अंडी घालायला जातो असे आपण मुलांकडून पाठ करून घेतो. त्याची अंडी थोडी, मोठी, बलकाने भरलेली आणि दोन्ही टोकांना आकडे असलेली असतात. त्यांतून थेट लहान हॅगफिशच बाहेर पडतो. अळीची अवस्थाच नाही, तेव्हा रूपांतर कशाचे होणार?

आणि ‘सर्व’ हा शब्द लॅम्प्रेलाही लागू पडत नाही. लॅम्प्रेच्या चाळीसेक जातींपैकी निम्म्याहून अधिक जाती परजीवी नाहीत. त्यांतील प्रौढ लॅम्प्रे काही खातही नाहीत, अंडी घालतात आणि मरतात.

मांजराकाठ:
सर, आपले लेखन वाचले. आपण पदवी महाविद्यालयात शिकवता, आपल्या विद्यार्थ्याचे एक वर्ष वाया जाण्याचा प्रश्न नसतो. माझ्याकडे औसा, निलंगा, उदगीर इथून मुले येतात. बापाने सोयाबीनच्या पैशातून फी भरलेली असते आणि मुलगी खोली घेऊन लातूरला राहते. ‘नीट’ या वैद्यकीय प्रवेशपरीक्षेत बरोबर उत्तराला चार गुण मिळतात आणि चुकीच्या उत्तराला एक वजा होतो, म्हणजे एका ‘खऱ्या’ उत्तरापायी तिचे पाच गुण जातात. पाच गुणांत किती हजार मुले पुढे निघून जातात, याचा अनुभव ज्याने समुपदेशनाच्या फेऱ्यांत पालकांसोबत बसून घेतला आहे, त्याला हॅगफिशच्या रक्तातील क्षारांचे कौतुक सुचत नाही.

मी टिपणात माझ्या मनाचे काही लिहिलेले नाही. पुस्तकात जे आहे ते लिहिले. प्रश्न पुस्तकातल्या ओळीवर येतो, समुद्राच्या तळावर येत नाही. आपल्याला पुस्तकाचा राग असेल तर तो पुस्तक लिहिणाऱ्यांवर काढावा. शिकवणी घेणाऱ्यांना हिणवण्याची सवय आता प्राध्यापक मंडळींनी सोडावी.

तेरणा:
मांजराकाठ सर, हिणवण्याचा हेतू धागाकर्त्यांचाही नसावा आणि माझा तर मुळीच नाही. माझा स्वतःचा भाऊ लातूरलाच शिकवणी घेतो. पण ‘पुस्तकात आहे’ एवढ्यावर थांबले की पुढे काय होते, ते मी पाहिले आहे.

मी ज्या महाविद्यालयात पहिल्यांदा रुजू झाले, तिथल्या प्राणिसंग्रहात एक उंच काचेची बरणी होती. फॉर्मॅलिन चहासारखे पिवळे पडलेले, झाकणाला मेण लावलेले, आणि चिठ्ठीवर शाईने लिहिलेले ‘मिक्झीन’. प्रात्यक्षिक परीक्षेत तीच बरणी ओळखण्यासाठी ठेवली जाई आणि मुले ‘मिक्झीन, वर्ग चक्रमुखी, बाह्यपरजीवी’ असे लिहून गुण घेत. एकदा मी बरणी खिडकीपाशी नेऊन प्राण्याच्या कुशीवरची छिद्रे मोजली. डोळ्यामागे एका रांगेत सात, दुसऱ्या बाजूलाही सात. मिक्झीनला बाहेर उघडणारे कल्लाछिद्र प्रत्येक बाजूला एकच असते. पाठीवर पर होते, डोळे ठळक होते, तोंडाशी दातेरी चकती होती. हॅगफिशचे डोळे कातडीखाली दडलेले असतात, पाठीवर पर नसतो आणि तोंडाभोवती मिशांसारखे स्पर्शक असतात. बरणीत लॅम्प्रे होता.

मी विभागात सांगितले तेव्हा उत्तर मिळाले की, चिठ्ठी बदलली तर जुन्या वह्या चुकीच्या ठरतील. ती बरणी पुढच्या परीक्षेलाही त्याच नावाने मांडली गेली. मुलांना बाह्यपरजीवी शिकवले होते आणि बरणीत बाह्यपरजीवीच होता, म्हणून कोणाला शंका आली नाही.

मन्याडकाठ:
मी नांदेडचा. व्यवसाय शेतीचा, पण गोदावरीवरच्या मासेमारांशी आमच्या घराचा जुना संबंध आहे. मला या चर्चेत एकच गोष्ट खटकते. हॅगफिश गोदावरीत नाही, लॅम्प्रे गोदावरीत नाही, आणि तरीही आपली मुले ही दोन नावे घोकतात. आमच्याकडे वाम आहे, अहिर आहे. दोन्ही सापासारखे लांब, दोन्ही तळाशी राहणारे, आणि दोघांचा एकमेकांशी जवळचा संबंध नाही. वामीच्या पाठीवर काट्यांची रांग असते. जाळ्यातून सोडवताना हात फाटतो. अहिराला काटे नाहीत, त्याची कातडी बुळबुळीत असते आणि तो अंगठ्याखालून निसटतो. माझे चुलते अंधारात हात लावून सांगत की हाती कोणता आला. अहिर आता नदीत दिसेनासा झाला, आणि त्याबद्दल एकही प्रश्न एकाही परीक्षेत येत नाही. यावर कोणी धागा काढणार आहे का?

दुधनाकाठ:
मन्याडकाठ दादा, आपला मुद्दा वेगळा नाही, तो याच विषयाचा आहे. अहिर हा खरा ईल. तो नदीत वाढतो आणि अंडी घालायला समुद्रात जातो, त्याची पारदर्शक, पानासारखी अळी समुद्रातच वाढते. त्यामुळे नदीवर धरण आले की त्याची जाण्याची आणि येण्याची दोन्ही वाट बंद होते. परजीवी, सागरी लॅम्प्रे नेमके उलट करतो : वाढतो समुद्रात, अंडी घालतो नदीत. हॅगफिश समुद्र सोडतच नाही. वाम नदी सोडत नाही. चार लांबट मासे, चार वेगळी आयुष्ये. आणि शरीराचा आकार सारखा असणे हे नात्याचे प्रमाण नाही, हे शिकवायला यापेक्षा चांगले उदाहरण गोदाकाठच्या मुलाला मिळणार नाही.

पूर्णाकाठ:
मी नोकरीभर पृष्ठवंशीय प्राण्यांचे शरीरशास्त्र शिकवले आणि आता निवृत्त आहे. धागाकर्त्यांचे अन्नाबद्दलचे आणि अंड्यांबद्दलचे म्हणणे योग्य आहे. परंतु त्यांनी टिपणातील सर्वांत मोठी चूक सोडून दिली. हॅगफिशला पाठीचा कणा नाही. त्याला कवटी आहे, आयुष्यभर टिकणारा पृष्ठरज्जू (पाठीतील लवचीक दांडा) आहे, पण कशेरुका (कण्याचे मणके) नाहीत. त्याच्या कानात एकच अर्धवर्तुळाकार नलिका आहे, लॅम्प्रेला दोन आणि आपल्याला तीन असतात. डोळ्याला भिंग नाही, डोळा फिरवणारे स्नायू नाहीत, हृदयाला चेताजाल नाही. लॅम्प्रेला हे सारे आहे. म्हणून लॅम्प्रे आपल्या बाजूचा आणि हॅगफिश त्या दोघांच्या बाहेरचा, असेच मांडले पाहिजे. त्याला पृष्ठवंशीय म्हणणे आणि लॅम्प्रेच्या पंगतीला बसवणे, दोन्ही चुकीचे आहे. लिनियसने 1758 मध्ये त्याला माशांत न घालता कृमींत घातले. निष्कर्ष चुकला असेल, पण त्याला दिसलेले वेगळेपण खरे होते.

सिंदफणा:
पूर्णाकाठ सर, आपण सांगितलेली रचना सर्व खरी आहे, पण तिच्यावरून काढलेला निष्कर्ष आता टिकत नाही. मी याच विषयाच्या जवळचे संशोधन करते, म्हणून स्पष्ट लिहिते. फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ दुमेरिल याने 1806 मध्ये लॅम्प्रे आणि हॅगफिश यांना एका गटात ठेवले होते. 1970 च्या दशकाच्या उत्तरार्धात आपण म्हणता ती मांडणी पुढे आली आणि पाठ्यपुस्तकांत रुजली. त्यानंतर जनुकांच्या तुलनेने सातत्याने जुनीच जोडी दाखवली, 2010 मध्ये सूक्ष्म आरएनएच्या अभ्यासाने तोच कौल दिला, आणि 2024 मध्ये हॅगफिशचा संपूर्ण जनुकसंच प्रसिद्ध झाला तेव्हाही लॅम्प्रे आणि हॅगफिश एकत्रच राहिले.

कशेरुकांचेही तसेच आहे. हॅगफिशचे भ्रूण शंभराहून अधिक वर्षे जवळजवळ कोणाच्या हाती लागत नव्हते. 2007 मध्ये ओता, कुराकु आणि कुरातानी या जपानी संशोधकांनी ते मिळवून अभ्यासले, आणि 2011 मध्ये ओता व सहकाऱ्यांनी दाखवले की शेपटीच्या भागात पृष्ठरज्जूच्या खाली कूर्चेचे लहान तुकडे असतात आणि ते कशेरुकांचेच अवशेष आहेत. कणा नव्हता असे नाही, तो गेला.

पूर्णाकाठ:
‘गेला’ म्हणणे फार सोयीचे आहे. जे अवयव दिसत नाहीत ते सर्व पूर्वी होते आणि नंतर गेले असे म्हटले, तर कोणताही प्राणी कोणत्याही गटात बसवता येईल. भिंग गेले, स्नायू गेले, नलिका गेली, कणा गेला! ज्या पिढीने एकाही प्राण्याच्या कवटीतील चेता हाताने मोकळ्या केल्या नाहीत, त्या पिढीने संगणकावर झाडे काढून आम्हाला शरीररचना शिकवावी, याचे वाईट वाटते. विच्छेदन बंद झाले तेव्हाच या विषयाचा पाया गेला. आता विद्यार्थी प्राणी पाहत नाही, अक्षरांच्या रांगा पाहतो.

सिंदफणा:
विच्छेदन माझ्या पिढीने बंद केले नाही, सर. आणि 2011 चे काम संगणकावरचे नाही. ऊतींचे छेद घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली केलेले आहे, म्हणजे आपल्याच परंपरेतले. ‘गेला’ या म्हणण्याला पुरावा हवा असेल तर तोही दगडात आहे. इलिनॉयमध्ये सापडलेल्या सुमारे 30 कोटी वर्षांपूर्वीच्या हॅगफिशच्या जीवाश्मात दृष्टिपटलाचे रंगद्रव्य असल्याचे 2016 मध्ये दाखवले गेले. आजच्या हॅगफिशच्या डोळ्यात ते रंगद्रव्य नाही. त्याच्या पूर्वजाचा डोळा अधिक चांगला होता आणि अंधारात राहून तो ऱ्हास पावला, हे यातून सरळ दिसते. शिवाय लेबनॉनमधील सुमारे 10 कोटी वर्षांपूर्वीचा हॅगफिश 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या कुशीवर श्लेष्मग्रंथींच्या जागी केराटिनच्या रासायनिक खुणा मिळाल्या, आणि त्या अभ्यासातही लॅम्प्रेशीच नाते निघाले. आपण नाकारत आहात ते एखाद्या विद्यार्थिनीचे मत नाही.

पूर्णाकाठ:
डोळ्याचा जीवाश्म महत्त्वाचा आहे, तेवढ्यापुरते मी मान्य करतो. डोळा ऱ्हास पावला असेल. त्यावरून कान आणि हृदयही तसेच झाले असे सिद्ध होत नाही. शेपटीतल्या चार तुकड्यांना मी कणा म्हणणार नाही.

मांजराकाठ:
आता आपणच पाहा. एक निवृत्त प्राध्यापक आणि एक संशोधक दिवसभर भांडत आहेत की या प्राण्याला कणा आहे की नाही. आपले एकमत होईपर्यंत माझ्या मुलीने काय लिहायचे? म्हणूनच मी म्हणतो, पुस्तक जे सांगते ते पाठ करावे.

तेरणा:
सर, यात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र होत आहेत आणि त्यामुळे आपल्या हातात चुकीचे शस्त्र आले आहे. हॅगफिश कोणाचा नातलग आहे यावर दीर्घकाळ वाद झाला आणि तो होणे योग्य होते. पण हॅगफिश काय खातो, नदीत जातो का, त्याची अंडी कशी असतात, यावर काहीही वाद नाही. पूर्णाकाठ सर आणि सिंदफणा यांनी एकमेकांची एवढी कानउघाडणी केली, तरी दोघांपैकी एकानेही त्याला परजीवी म्हटलेले नाही. वर्गीकरण बदलत राहते म्हणून जीवनक्रमाबद्दलचे चुकीचे विधान चालवून घ्यावे, हा युक्तिवाद होऊ शकत नाही. उद्या आपली हीच मुलगी वैद्यकीयला गेली आणि हॅगफिशच्या श्लेष्मातील तंतूंवरचे काम तिच्यासमोर आले, तर तिला आधी पाठ केलेले पुसून काढावे लागेल. तो प्राणी त्रास दिल्यावर अर्ध्या सेकंदाच्या आत एवढा श्लेष्म सोडतो की हल्ला करणाऱ्या शार्कच्या कल्ल्यांत तो अडकून शार्क मागे हटतो. न्यूझीलंडजवळच्या खोल पाण्यात झालेले याचे चित्रीकरण 2011 मध्ये प्रसिद्ध झाले. असा प्राणी शिकवायला मिळतो आणि आपण तो ‘बाह्यपरजीवी’ म्हणून संपवतो.

मांजराकाठ:
ठीक आहे. हॅगफिशसाठी मी टिपणात स्वतंत्र परिच्छेद घालीन : मृतभक्षक आणि शिकारी, फक्त सागरी, अळी नाही. पण त्याच्या खाली मी हेही लिहीन की प्रश्न पुस्तकातील ओळ जशीच्या तशी घेऊन आला, तर पुस्तकाचाच पर्याय निवडावा. यावर मी मागे हटणार नाही. पाच गुणांची किंमत इथे कोणी मला परत देणार नाही.

दुधनाकाठ:
त्या सूचनेला माझा विरोध नाही. परीक्षा देणाऱ्या मुलीला मी वेगळे काही सांगणार नाही. पण मग पुस्तकातील ओळ बदलण्याचा अर्ज आपल्याही सहीने जावा. मी मसुदा केला आहे, त्यात चार मुद्दे आहेत : अन्न, अधिवास, अंडी आणि अळी, व अंडी घातल्यानंतरचा मृत्यू. कण्याचा मुद्दा जाणूनबुजून ठेवलेला नाही.

सिंदफणा:
तो मुद्दा का वगळला? पुस्तकात हॅगफिश आणि लॅम्प्रे एका वर्गात आहेत, तेवढे तरी बरोबर आहे असे त्यात लिहायला हवे होते.

पूर्णाकाठ:
ते वाक्य त्यात असेल तर माझी सही धरू नये. चार मुद्द्यांवरच अर्ज जाणार असेल तर मी सही करतो, आणि मांजराकाठ सरांनीही करावी.

मांजराकाठ:
मसुदा पाठवा. वाचून सांगतो.