३.६ लाखाचं पुण्याचं पॅकेज घ्यावं का इथंच अप्रेंटिस लागावं? (मेकॅनिकल, फायनल इयर)

एमएच४०_काटोल
नमस्कार मंडळी. मी मूळचा काटोलचा, नागपूरले रूम करून राहतो, मेकॅनिकल फायनल इयर, सातव्या सेमपर्यंत ७.१ सीजीपीए. कॅम्पसला पुण्याची एक कंपनी आली होती त्यात सिलेक्शन झालं, प्लांट चाकणला, पॅकेज ३.६ लाख. घरी पेढे वाटून झाले. आता ऑफर लेटर आलं तर त्यात लिहून आहे का दोन वर्षाचा बॉन्ड, मधात सोडलं तर १ लाख भरा, आणि जॉइन होताना दहावीपासून सगळ्या ओरिजिनल मार्कशीट जमा करा.
दुसरीकडे माझे मोठे काका रेल्वेत आहेत, मोतीबागले, ते म्हणतात पुण्याले जाऊन काय दिवे लावशील, सरकारी ठिकाणी एक वर्ष अप्रेंटिस लाग मग पर्मनंटच होते. एका सरकारी कंपनीची ग्रॅज्युएट अप्रेंटिसची जाहिरात निघून पण आहे. बाबा दोघांच्या मधात अडकले. मित्र म्हणतात बॉन्ड-फिंड काही नसते बे, सही कर आन् पाहिजे तेव्हा सोड. शुक्रवारपर्यंत कळवायचं आहे. काय करू?

गरीबरथ_वेटिंग
आधी अभिनंदन भावा. मी पण नागपूरचाच, पुण्यात पेरोलचं काम करतो, म्हणून ३.६ चं गणित सांगतो कारण पोरं ३.६ भागिले १२ करून महिन्याचे तीस हजार धरतात आणि जॉइन व्हायच्या आधीच बाईकचा ईएमआय ठरवून मोकळी होतात. तीसमधले दहा टक्के व्हेरिएबल धर, म्हणजे ३ हजार गेले, ते वर्षाच्या शेवटी आणि तेही रेटिंग बघून. बेसिक १५ हजार असेल तर कंपनीच्या हिश्शाचा पीएफ १२ टक्के म्हणजे १८०० हाही पॅकेजमध्येच मोजलेला असतो, ग्रॅच्युइटीचे ४.८१ टक्क्याने ७२० च्या आसपास तेही त्यातच, आणि ती साधारण पाच वर्ष टिकलास तर हातात पडते. उरले साडेचोवीस. त्यातून तुझ्या हिश्शाचा पीएफ परत १८०० आणि प्रोफेशनल टॅक्स २००, फेब्रुवारीत ३००. इनहँड साडेबावीस, इन्शुरन्स कापत असतील तर अजून खाली. पीएफ कुठं जात नाही, तुझाच आहे, पण रूमचं भाडं त्यातून देता येत नाही ना. तरी पण चाकण-भोसरीकडे कॉट बेसिसवर राहून मेस लावली तर एवढ्यात भागतं, फ्रेशर मेकॅनिकलला वाईट नाहीये. फक्त हे सगळे आकडे मी अंदाजाने धरलेत, एचआरला मेल टाकून खरा ब्रेकअप, म्हणजे पगाराची फोड, माग. लाजायचं काही कारण नाही, रोज मागतात लोक.
बॉन्डबद्दल मित्रांचं ऐकू नको. विजया बँकेच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने मे २०२५ ला तीन वर्षांच्या आत नोकरी सोडली तर २ लाख भरायची अट मान्य केली आहे. ती सरकारी बँक होती, भरतीचा खर्च वगैरे मुद्दे होते, तुझ्या कंपनीला तसंच्या तसं लागू होईल असं नाही, पण "काही नसते" म्हणून सही करायची नाही. दोन वर्ष काढायची तयारी असेल तरच कर.

सदरवाली
गणित बरोबर आहे पण मला ओरिजिनलचीच जास्त भीती वाटते आणि त्यावर वरचे दादा काहीच बोलले नाहीत. मी पहिल्या नोकरीत देऊन बसले होते, छोटी कंपनी होती, नाव सांगत नाही. पावतीपण दिली नाही त्यांनी. आठ महिन्यांनी एका सरकारी परीक्षेचं डॉक्युमेंट व्हेरिफिकेशन लागलं म्हणून मागायला गेले तर साहेब म्हणे का पाहिजेत, दुसरीकडे इंटरव्ह्यू आहे का? तीन दिवस हेलपाटे. शेवटी आईला घेऊन गेले, आई रिसेप्शनवर पर्स मांडीवर घेऊन बसली ती बसलीच, संध्याकाळी साडेसहाला फाईल मिळाली. बारावीच्या मार्कशीटला पंचिंग करून भोकं पाडलेली!! अजून जीव जळतो. बॉन्डला निदान आकडा तरी आहे, १ लाख, भरून सुटता येतं. मार्कशीट अडकली तर कितीला सुटेल ते समोरचा ठरवतो. दाखव, त्यांच्यासमोर स्कॅन करू दे, झेरॉक्सवर सही करून दे. ठेवायला देऊ नको.

बुटीबोरी_फर्स्टशिफ्ट
हाव, ताई बरोबर बोलून राह्यल्या. मी ग्रॅज्युएट अप्रेंटिस केलेला पोट्टा आहो म्हणून काकाच्या मुद्द्यावर बोलतो. एक वर्ष करा, सर्टिफिकेट घ्या आन् घरी जा, असं आहे ते. कंपनीवर तुले घ्यायची जबरदस्ती नाही, आमच्या बॅचमधला एकपण तिथं पर्मनंट नाही झाला. काका रेल्वेतले आहेत म्हणून त्यांच्या डोक्यात दुसरं असन, रेल्वेत लेव्हल १ च्या, म्हणजे सगळ्यात खालच्या पदांच्या, भरतीत २० टक्के जागा अप्रेंटिस केलेल्यांसाठी असतात, पण त्या आयटीआयवाल्या ट्रेड अप्रेंटिसच्या, आपल्या नाही. स्टायपेंड मिळते, पगार नाही, पीएफ पण कापत नाही.
पण वाया गेलं असं मी म्हणणार नाही. मोठ्या प्लांटचं मेंटेनन्स हातानं केलं, बेअरिंग कसं बदलतात ते पाहिलं नाही तर केलं, त्याच्याच भरोशावर बुटीबोरीत लागलो. आन् एक पाहून घे, एक वर्ष नोकरीचा अनुभव झाला की ग्रॅज्युएट अप्रेंटिसले चालत नाही. म्हणजे अप्रेंटिस करून नोकरी जमते, नोकरी करून मग अप्रेंटिस करीन म्हणशीन तर ते दार बंद. बाकी हिंगणा-बुटीबोरीत पण रिझ्युमे टाकून ठेव ना राजा, पुणंच काहून पाहिजे?

तर्री_जास्त
आठव्या सेमचं काय? ऑफर लेटरमध्ये बॅकलॉगची, म्हणजे विषय राहिला तर काय, ती अट पाहिली का? आमच्या वर्गातल्या दोघांच्या ऑफर त्याच्यातच गेल्या. पेढे लवकर वाटले तुम्ही.

एमएच४०_काटोल
बॅकलॉग नाही अजून, थर्मलचा पेपर सोडला तर टेन्शन नाही.
एचआरले मेल टाकला होता. ब्रेकअप आला, व्हेरिएबल दहा नाही पंधरा टक्के निघालं म्हणजे दादा तुमच्या हिशोबातून अजून पंधराशे गेले. ओरिजिनल देणार नाही, दाखवून अटेस्टेड कॉपी देतो असं लिहिलं तर फोन आला, म्हणे कंपनी पॉलिसी आहे. म्हटलं मेलवर लिहून द्या का ठेवून घेता आणि कधी परत देता. तेव्हापासून काही उत्तर नाही. अप्रेंटिसचा फॉर्म भरून ठेवला आज, आणि उद्या बाबांसोबत हिंगण्याले दोन ठिकाणी जातो. काकाले २० टक्क्याचं सांगितलं तर बोलून नाही राह्यले माझ्याशी.

सदरवाली
उत्तर आलं की इथे टाक. आणि मार्कशीटला लॅमिनेशन करून नको ठेवू.