1899 च्या वऱ्हाडावर कादंबरी लिहिताना इतिहासाला किती मुरड घालावी?

पळसफूल (दारव्हा तालुका)
नमस्कार. मी 1899-1900 च्या दुष्काळावर कादंबरी लिहीत आहे. एका लहान कास्तकाराच्या विधवेला सावकाराकडे गहाण पडलेले शेत सोडवायचे आहे, एवढे कथासूत्र पक्के झाले आहे. गाव काल्पनिक आहे. गावात एक जुलमी मालगुजार (गावाचा मालक असलेला, सरकारला सारा भरणारा जमीनदार) असावा, कापूस शकुंतला रेल्वेने (यवतमाळहून दारव्ह्यामार्गे मूर्तिजापूरला जाणारी छोटी गाडी) मूर्तिजापूरला जावा आणि अखेरीस एका सहृदय इंग्रज कलेक्टरने त्या बाईला न्याय द्यावा, असा आराखडा आहे. कल्पित कथेत एवढी मोकळीक चालते, असे मित्र म्हणतात. माझे मन मात्र मानत नाही. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

जुनी मिसल (वर्धा)
ताई, माणसे हवी तशी घडवा, पण ती ज्या व्यवस्थेत जगली ती बदलू नका, कारण आपल्या कथेतला सगळा पेच त्या व्यवस्थेतूनच निर्माण होणार आहे. मालगुजारी होती ती नागपूर, वर्धा, भंडारा, चांदा या बाजूला. नागपूरचे राज्य 1854 मध्ये खालसा झाले. वऱ्हाड मात्र 1853 च्या तहाने निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आले आणि तेथे रयतवारी लागू झाली. आपल्या दारव्ह्याकडे खातेदार थेट सरकारात सारा भरत असे. गावात पाटील आणि पटवारी होते, मालगुजार नव्हता. हा फरक कथेसाठी फार मोलाचा आहे. मालगुजारी गावात ही बाई कूळ ठरली असती आणि तिचे भांडण गावच्या मालकाशी झाले असते. वऱ्हाडात शेत तिच्या घरच्या खात्याचे, म्हणूनच ते गहाण ठेवता येत होते आणि दिवाणी कोर्टाच्या डिक्रीने, म्हणजे निकालाच्या हुकुमाने, हातचे जातही होते. तिचा शत्रू हवेलीत बसलेला नाही, तो गहाणखताच्या कागदात आहे.

आणखी एक गोष्ट. वऱ्हाडात जिल्ह्याच्या प्रमुखाला डेप्युटी कमिशनर म्हणत, आणि आज आपण ज्याला यवतमाळ जिल्हा म्हणतो त्याचे नाव 1905 पर्यंत वणी होते, मुख्यालय यवतमाळ असले तरी.

धुरकरी (कारंजा)
शकुंतला विसाव्या शतकातली, त्यामुळे 1899 मध्ये ती गाडी दाखवू नये. मुंबईहून येणारा मोठा लोहमार्ग नागपूरपर्यंत 1867 मध्येच पोहोचला होता, पण दारव्ह्याचा माल मूर्तिजापूरला न्यायचा तर बंडीच, म्हणजे बैलगाडीच, जुंपावी लागे. याचा आपल्याला फायदाच आहे. उभाऱ्यांच्या (बंडीच्या कडेच्या उभ्या खुंट्यांच्या) वर फुगलेला कापूस, जुवाखाली टांगलेला कंदील, पुढे चालणाऱ्या बंडीच्या धुळीत खोकणारा धुरकरी (गाडीवान) आणि मागे कापसावर बसलेली ती बाई: दुष्काळाच्या आदल्या हंगामातली ही रात्र सविस्तर लिहा, कारण अशा लांबच्या वाटेत माणसे मनातले बोलतात. पुढच्या वर्षी याच बाईला सरकारी दुष्काळी कामावर खडी फोडताना दाखवता येईल. संवाद वऱ्हाडीतच असू द्यावेत, ही आग्रहाची विनंती.

नोंदवही (पुसद)
कलेक्टरबाबत मला कळकळीने सांगावेसे वाटते. अखेरचा न्याय साहेबाच्या हातून दिला, की तीनशे पाने सोसणारी बाई शेवटच्या पानावर केवळ याचक उरते. दुष्काळी कामे काढणारे आणि दुष्काळातही साऱ्याचा हिशेब ठेवणारे सरकार एकच होते. साहेब भला माणूस असला तरी डिक्री त्याच्या भलेपणावर ठरत नव्हती. तिने शेत गमवावे की राखावे, हे तिच्या, तिच्या भावकीच्या आणि सावकाराच्या वागण्यातून ठरू द्या.

शक्य असल्यास तहसील कार्यालयाच्या अभिलेखागारातील कोतवाल बुके, म्हणजे गावोगावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवह्या, पाहावीत. बऱ्याच नोंदी मोडीत असतात, तेव्हा मोडी वाचणारे कोणी सोबत न्यावे. मयताचे नाव, बापाचे नाव, जात, मृत्यूचे कारण अशा कोरड्या रकान्यांतून एकाच घरातली माणसे एकामागून एक गेलेली दिसतात, तेव्हा कोणते प्रसंग लिहायचे हे वेगळे सांगावे लागत नाही. मात्र ती नावे कादंबरीत जशीच्या तशी घेऊ नयेत. त्यांचे वंशज आजही त्याच गावांत नांदत आहेत.

पळसफूल
सर्वांचे मनःपूर्वक आभार. मालगुजार आणि रेल्वे दोन्ही काढते, साहेबाला एका प्रकरणापुरतेच ठेवते. एक शंका उरते: गहाणखतावर अंगठा देण्यापूर्वी त्या बाईला मजकूर वाचून कोण दाखवील? पटवाऱ्याला सावकाराच्या बाजूचा न दाखवता हा प्रसंग लिहिता आला, तर मला तो तसा लिहायला आवडेल.