तीन वर्षं लागणार असतील तर इमर्जन्सी फंड जमवायचा कसा?

प्रश्न:
आमच्या ऑफिसात नोकरकपातीची दुसरी फेरी झाली. मी वाचले, पण नवराही याच क्षेत्रात आहे, त्यामुळे झोप उडाली आहे. दोघांच्या मिळून पगारातला ६० टक्के भाग निव्वळ आवश्यक खर्चात जातो: भाडं, किराणा, औषधं. इमर्जन्सी फंडासाठी, म्हणजे अडीअडचणीच्या पैशासाठी, बाजूला पडतात १० टक्के. म्हणजे एका महिन्याचा खर्च जमायला सहा महिने आणि सहा महिन्यांचा जमायला तीन वर्षं! आणखी १० टक्के शेअर फंडात दरमहा जातात. क्रेडिट कार्डाची थोडी थकबाकीही आहे. सुरुवात कुठून करू?

प्रतिसाद १:
तुमची भीती मला नीट कळते. मार्च २०२० च्या मध्यात माझं काम गेलं. माझ्याकडे पैसे होते, पण सगळे शेअर फंडात. 'गरज पडली की विकू' असं मी वर्षानुवर्षं म्हणत आलो होतो. गरज नेमकी तेव्हाच पडली जेव्हा बाजार कोसळला होता. अमेरिकेतल्या सुमारे ५०० मोठ्या कंपन्यांच्या शेअरचा एस अँड पी ५०० निर्देशांक १९ फेब्रुवारी ते २३ मार्च या पाच आठवड्यांत सुमारे ३४ टक्के उतरला. मी मार्चअखेर विकलं, कारण भाडं थांबत नव्हतं. ऑगस्टमध्ये तो निर्देशांक पुन्हा नव्या उच्चांकावर गेला, तेव्हा माझ्या हातात काहीच उरलं नव्हतं.

नोकऱ्या जातात आणि बाजार पडतो, हे अनेकदा एकाच कारणाने आणि एकाच सुमारास होतं. म्हणून अडीअडचणीचा पैसा वाढतो किती, हे बघूच नका. मागितला की त्याच दिवशी पुरता हातात येतो का, एवढंच बघा. साधं बचत खातं, किंवा मोडता येईल अशी छोट्या छोट्या तुकड्यांतली मुदत ठेव. एकच मोठी ठेव करू नका, थोड्यासाठी सगळी मोडावी लागू शकते. खातं दोघांच्या नावावर ठेवा आणि दोघांनाही स्वतंत्रपणे पैसे काढता आले पाहिजेत.

शेअर फंडाचा हप्ता काही काळ थांबवा. आधीचे पैसे असू द्या, फक्त नवा हप्ता इकडे वळवा. मग १० चे २० टक्के होतात आणि एका महिन्याचा खर्च तीन महिन्यांत जमतो. सहा महिन्यांचा दीड वर्षात. दोघं एकाच क्षेत्रात आहात, तेव्हा तीन महिन्यांच्या खर्चावर समाधान मानू नका. दोन्ही पगार एकदम थांबू शकतात. पैसे पगाराच्या दिवशीच आपोआप वळते करा. महिनाअखेरीला उरेल ते टाकू म्हटलं की उरत नाही. मी दोन वर्षं तेच करून पाहिलं आहे.

प्रतिसाद २:
बाकी पटलं, पण आधी कार्ड! महिन्याला ३ टक्के व्याज असेल तर न फेडलेली रक्कम दोन वर्षांत दुप्पट होते. कुठलीही बचत त्याला पुरी पडणार नाही.

प्रतिसाद १:
हिशोब बरोबर आहे. तरीही एका महिन्याचा खर्च आधी जमवा, असंच मी म्हणेन. खातं रिकामं करून कार्ड फेडलं आणि पुढच्याच आठवड्यात दवाखान्याचा खर्च निघाला, तर तो पुन्हा त्याच कार्डावर जातो. माझं दोनदा तसं झालं. एक महिना जमला की पूर्ण ताकद कार्डावर, ते संपलं की परत इमर्जन्सी फंडावर.

प्रश्नकर्ती:
दोघांचेही मनापासून आभार. रात्री आम्ही दोघं वही घेऊन बसलो. शाळेची फी वर्षातून दोनदा भरतो, ती मी महिन्याच्या खर्चात धरलीच नव्हती. ६० नाही, ६६ टक्के निघाले. शेअर फंडाचा हप्ता आज थांबवला. पहिल्या महिन्याचा खर्च आता साधारण साडेतीन महिन्यांत जमेल.