रोजच्या जगण्यावर आणि छंदांवर हलकीफुलकी ऑनलाइन रोजनिशी लिहायची आहे, सल्ला हवा

धागाकर्ती

नमस्कार मंडळी,

गेल्या वर्षभरापासून मी बंद पडलेली लंबकाची घड्याळं दुरुस्त करायला शिकतेय. घरात आम्ही चौघं, एक मांजर आणि सध्या भिंतीवर तीन घड्याळं. या सगळ्यात रोज काही ना काही घडतं आणि रात्री जेवताना ते सांगितलं की सगळे पोट धरून हसतात. बहिणीला फोनवर सांगितलं की ती म्हणते, "लिहून काढ गं, विसरशील." आणि विसरतेच. मागच्या महिन्यात मांजरीने लंबकाचा काय गोंधळ घातला होता ते आज नीट आठवत नाही. खूप हसलो होतो, एवढंच आठवतं. त्याचं फार वाईट वाटलं, म्हणून हा धागा.

परवा लिहायला बसले. दीड पान झालं. सकाळी वाचलं तर घटना सगळ्या जागेवर होत्या, पण हसू कुठेच नव्हतं. तोंडी सांगताना जे सहज जमतं ते लिहिताना कुठे हरवतं? दुसरं म्हणजे हे कुठे लिहावं, किती दिवसांनी लिहावं? आणि सगळ्यात मोठी काळजी घरच्यांची. मुलगा नऊ वर्षांचा आहे, सासूबाई सोबत राहतात. त्यांच्यावर लिहायचं तर आहे, पण कोणाला लागेल असं एक अक्षरही नको आहे.

स्वतः असं काही लिहिणाऱ्यांनी सविस्तर सांगावं ही विनंती.

प्रतिसाद १

तुमच्या पहिल्या प्रश्नावर मी बरीच वर्षं घालवली आहेत, म्हणून जरा लांबण लावतो.

तोंडी सांगताना तुम्ही नेमक्या जागी थांबता, आवाज खाली आणता, समोरच्याचा चेहरा बघून पुढचं वाक्य टाकता. लिहिताना यातलं काहीच हाताशी नसतं. ते सगळं काम शब्दांच्या क्रमाकडून करून घ्यावं लागतं. इथे मराठीची एक खोड लक्षात ठेवा. आपलं क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे गमतीचा शब्द वाक्याच्या पोटात दडून बसतो आणि शेवटी उरतं 'ठेवलेलं होतं'. हे बघा:

"ओट्यावर स्क्रूड्रायव्हर, दोन स्प्रिंगा आणि घरातलं एकमेव चालू घड्याळ उघडून ठेवलेलं होतं."

आता हेच असं:

"ओट्यावर उघडून ठेवलेलं होतं घरातलं एकमेव चालू घड्याळ."

शब्द तेच, पण धक्का शेवटी आला. स्क्रूड्रायव्हर आणि स्प्रिंगा गेल्या तरी काही अडलं नाही. मराठीत शब्दांची जागा हलवायला भरपूर मोकळीक आहे, ती वापरा. प्रत्येक वाक्यात मात्र नको, नाहीतर लकब होते आणि वाचणाऱ्याला आधीच कळायला लागतं.

दुसरं, हसू जाहीर करू नका. 'गंमत म्हणजे', 'हसून हसून पुरेवाट झाली', ओळीने तीन उद्गारचिन्हं, हे सगळं काढून बघा. त्यानंतरही मजकूर उभा राहिला तर तो खरंच गमतीचा आहे. नाही राहिला तर घटनेतला एखादा तपशील सांगायचा राहून गेलाय. बहुतेक वेळा तसंच असतं. 'रात्री उशिरा' ऐवजी 'पावणेतीनला' लिहा. 'आई रागावली' ऐवजी आई जे बोलली ते जसंच्या तसं लिहा. माणसं बोलतात त्या वाक्यांना हात लावू नये असं माझं ठाम मत आहे. त्यांना व्याकरणात बसवलं की जीव जातो.

आणि टिपणवही ठेवा. त्याच दिवशी तीन ओळी: काय झालं, कोण काय म्हणालं, डोळ्यांत भरलेली एक वस्तू. लेख आठवड्याने लिहिला तरी चालतो, टिपण उद्यावर टाकू नका. मांजरीचा किस्सा याच एका कारणाने हातचा गेला.

प्रतिसाद २

वरच्या प्रतिसादाला +१. मी फक्त 'कुठे' बद्दल लिहिते.

ब्लॉगर १९९९ साली सुरू झालं, २००३ मध्ये गूगलकडे गेलं आणि आजही फुकट आहे. दहा मिनिटांत पान उभं राहतं. वर्डप्रेसच्या बाबतीत नवीन माणसाचा गोंधळ हमखास होतो, कारण एकाच नावाच्या दोन गोष्टी आहेत. वर्डप्रेस डॉट कॉमवर जागा त्यांची, सांभाळणं त्यांचं, फुकट खात्यावर जाहिराती त्यांच्या. वर्डप्रेस डॉट ऑर्गवर नुसतं सॉफ्टवेअर मिळतं, जागा तुम्ही भाड्याने घ्यायची आणि सगळी देखभाल तुमच्याकडे. तुम्हाला लिहायचंय, तेव्हा सुरुवातीला दुसऱ्याच्या वाटेला जाऊ नका.

फक्त सोशल मीडियावर लिहू नका असं कळकळीने सांगेन. तिथे सहा महिन्यांपूर्वीचा लेख शोधायला गेलात की दमछाक होते, आणि रोजनिशीची खरी मजा मागचं सापडण्यात आहे. लेख आपल्या पानावर, दुवा सोशल मीडियावर, ही विभागणी बरी पडते.

जे लिहाल त्याची प्रत स्वतःकडे ठेवा. जिओसिटीजवर लोकांनी हौसेने लाखो पानं उभी केली होती. याहूने ती सेवा २००९ मध्ये बंद केली आणि ज्यांनी प्रती ठेवल्या नव्हत्या त्यांतल्या अनेकांचं लेखन गेलं. ब्लॉगर आणि वर्डप्रेस दोन्हीकडे सगळं लेखन एका फाइलमध्ये उतरवून घ्यायची सोय आहे. महिन्यातून एकदा ते करा. टंकायचं युनिकोडमध्येच, म्हणजे सगळ्या फोन-संगणकांवर वाचता येणाऱ्या प्रमाण अक्षरांत, जुन्या फाँटात लिहिलेलं शोधलं तर सापडत नाही.

प्रतिसाद ३

ताई, घरच्यांबद्दल तुम्ही आधीच विचार करताय हे फार बरं वाटलं. मी तो उशिरा केला.

शेजारच्या एका काकांच्या सवयीवर मी लिहिलं होतं. नाव बदललं, मजला बदलला, वय बदललं. कुत्र्याची जात मात्र तशीच राहिली आणि तेवढ्यावरून सगळ्यांनी ओळखलं. काका काही बोलले नाहीत, पण महिनाभर जिन्यात भेटले की नजर चुकवायचे. मी घरी जाऊन माफी मागितली, लेख काढून टाकला. तेव्हापासून नियम केलाय की ज्याच्यावर लिहिलं त्याला आधी वाचून दाखवायचं आणि तो 'नको' म्हणाला तर का म्हणून विचारायचं नाही.

नऊ वर्षांच्या मुलालाही हा हक्क द्या. आज तो हसेल, चौदाव्या वर्षी त्याचे वर्गमित्र तेच वाचतील. त्याचं नाव, शाळा, शाळेच्या वेळा काहीच नको. फोनने काढलेल्या फोटोच्या फाइलमध्ये ठिकाण नोंदलेलं असू शकतं, कॅमेऱ्यातलं लोकेशन आधी बंद करा. आजारपणं आणि नवरा-बायकोची भांडणं मी लिहीत नाही, ती कितीही रंगतदार असली तरी.

सासूबाईंना मात्र नक्की वाचून दाखवा. माझ्या आईने एकदा ऐकून सांगितलं, "मी असं म्हणालेच नव्हते," आणि जे खरं म्हणाली होती ते माझ्या वाक्यापेक्षा कितीतरी सरस निघालं.

प्रतिसाद ४

किती दिवसांनी लिहावं याबद्दल: पाच-सहा लेख तयार झाल्याशिवाय पान उघडू नका. पहिल्या उत्साहात रोज लिहिलं जातं, मग घरात कोणी आजारी पडतं, आठवडा जातो आणि परत सुरुवात करायचा संकोच वाटतो. हाताशी शिल्लक असली की तो खंड पडत नाही. पंधरा दिवसांतून एक, चारशे-पाचशे शब्द, भरपूर झालं.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार! प्रतिसाद १ आणि ३ मी वहीत उतरवून घेतलेत. काल रात्रीच टिपण केलं आणि आज त्यावर थोडं लिहिलं. मुलाला वाचून दाखवलं, त्याने परवानगी दिली, फक्त 'वजाबाकी अडते' च्या जागी 'थोडा वेळ लागतो' लिही म्हणाला. तसं केलंय.

"मधल्या घड्याळाचे काटे बरोबर चालतात, टोले चुकतात. दुपारी तीनला आठ पडतात. याच्या आत एक खाचांची चकती असते. दोन खाचांमधलं अंतर वाढत जातं, एक टोला, दोन टोले, असं बारापर्यंत. काटे कुठे आहेत ते या चकतीला ठाऊक नसतं, ती आपली मागच्या तासाच्या पुढचं मोजते. साफ करताना मी काटे भरभर फिरवले आणि मोजणी पाच तासांनी पुढे गेली ती गेलीच. बारा तासांत ७८ टोले पडायला हवेत आणि बरोबर ७८च पडतात, वेगळ्या वेळी. आता वेळ विचारली की मुलगा टोले मोजतो, त्यातून पाच वजा करतो आणि सांगतो. रात्री आठला एकच टोला पडतो, तिथे त्याला थोडा वेळ लागतो. सासूबाईंनी काल फोनवर मैत्रिणीला सांगितलं, आमच्याकडे दहा वाजले की ये, म्हणजे पाचला."

कसं वाटतंय? लंबकाची लांबी, खालचा नट वर घेतला की घड्याळ पुढे पळतं, हे पण लिहू का?

प्रतिसाद १

वा! सासूबाईंचं वाक्य शेवटी ठेवलंत, त्याच्या पुढे एक अक्षरही वाढवू नका. चकतीचं वर्णन तर मला फारच आवडलं. घड्याळातलं ओ की ठो कळत नसताना मला ती चकती डोळ्यांसमोर दिसली. यंत्र नीट समजलं म्हणूनच त्याचं चुकणं गोड वाटतं, तेव्हा छंदाचा तांत्रिक भाग गाळायच्या फंदात पडू नका. फक्त एका लेखात एकच यंत्रणा. लंबक पुढच्या लेखाला राहू दे, तिथे मांजर पण आहे.

एकच वाक्य खटकतं: 'वेगळ्या वेळी'. तिथे तुम्ही वाचणाऱ्याला समजावताय. '७८च पडतात' वर थांबा, उरलेलं त्याचं त्याला सापडू दे.

आणि मुलाने सुचवलेला बदल मूळ शब्दांपेक्षा चांगला आहे, हे त्याला जरूर सांगा.

प्रतिसाद ५

इतके दिवस नुसताच वाचत होतो, घड्याळ दिसलं म्हणून लिहितोय. मीही हेच काम करतो. बऱ्याच घड्याळांत टोल्यांची तार हाताने उचलून मोजणी पुढे नेता येते, पाच मिनिटांचं काम आहे. तुम्हाला जमेलच. पण त्याआधी तीनला पडणारे आठ टोले फोनवर रेकॉर्ड करून घ्या, मुलाच्या मोजण्यासकट. लेखाखाली जोडता येतील. एकदा मोजणी जुळली की ते परत ऐकायला मिळणार नाहीत.

लंबकाच्या लेखाची वाट बघतोय. पुढील लेखनास शुभेच्छा.